प्रोटॉन : रुळांच्या मापात बसवलेलं रॉकेट

चिंचवडचा_मिलिंद

गेले दोन महिने रात्री जेवणं झाली की मी एकाच रॉकेटबद्दल वाचत बसतो, म्हणून हा धागा. रॉकेट रशियाचं, प्रोटॉन. आपल्याकडे चांद्रयानावर शंभर-शंभर प्रतिसादांचे धागे आहेत, पण १९६५ पासून उडत आलेल्या या यंत्रावर शोधूनही काही सापडलं नाही. मी रॉकेटवाला नाही. चौतीस वर्षं मशीन शॉपमध्ये गेली, त्यातली शेवटची सोळा इन्स्पेक्शनला. जे लिहितोय ते त्या नजरेनं.

प्रोटॉनचा फोटो पहिल्यांदा बघितला की कुणालाही वाटतं, मधे एक जाड नळा आणि भोवती सहा बूस्टर. मलाही तसंच वाटलं होतं. ते बूस्टर नाहीत. त्या इंधनाच्या सहा टाक्या आहेत, प्रत्येकीच्या बुडाशी एक इंजिन, आणि त्या मधल्या टाकीपासून कधीच सुटत नाहीत. मधली टाकी ४.१ मीटर व्यासाची, तिच्यात ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारा द्रव. बाजूच्या सहा टाक्या १.६ मीटरच्या, त्यांत इंधन. सगळं मिळून पहिला टप्पा, रुंदी ७.४ मीटर. दोन मिनिटं जळतो आणि अख्खाच्या अख्खा गळून पडतो.

असा आकार का? कारखाना मॉस्कोत, फिली भागात. उड्डाणतळ कझाकस्तानात, बैकोनूरला. मधे दोन हजार किलोमीटरहून जास्त रेल्वे. त्या मार्गावरून ४.१ मीटरपेक्षा जाड नळा जातच नव्हता. मग टाक्या सुट्या सुट्या न्यायच्या आणि तिथे नेऊन जोडायच्या. बैकोनूरच्या शेडमध्ये मधली टाकी फिक्स्चरमध्ये आडवी धरतात आणि तिला स्वतःभोवती फिरवत एकेक बाजूची टाकी चढवतात. हे वाचलं त्या दिवशी मला झोप लागली नाही. आम्ही इंडेक्सिंग फिक्स्चरवर सहा भोकांचा फ्लँज असाच करायचो. साठ अंश फिरव, लॉक कर, पुढचं भोक. तेच काम, फक्त जॉब दुमजली घराएवढा.

त्याच काळात सर्गेई कोरोल्योव्ह यांचं चंद्रावर माणूस न्यायचं एन-१ रॉकेट चाललं होतं. त्याच्या टाक्या इतक्या मोठ्या की रेल्वेनं नेणं शक्य नव्हतं, म्हणून बैकोनूरला त्यासाठी वेगळा कारखानाच उभारावा लागला. एन-१ चार वेळा उडालं आणि चारही वेळा पडलं. रुळांच्या मापात राहिलेलं प्रोटॉन टिकलं.

त्याचा जन्म मात्र वाईट कामासाठी झाला. व्लादिमीर चेलोमेई यांच्या ओकेबी-५२ या संस्थेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला यूआर-५०० या नावानं काम सुरू झालं. सोव्हिएत संघानं १९६१ मध्ये जगातला सर्वांत मोठा बॉम्ब फोडून दाखवला होता. तसलं अजस्र अस्त्र दुसऱ्या खंडात टाकणारं क्षेपणास्त्र त्यांना हवं होतं. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचा चेलोमेईंवर लोभ होता, ख्रुश्चेव्ह यांचा मुलगा सर्गेई चेलोमेईंच्याच संस्थेत इंजिनिअर होता. ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह यांची खुर्ची गेली आणि क्षेपणास्त्राची कल्पना मागे पडली. रॉकेट मात्र वाचलं. १६ जुलै १९६५ ला पहिलं उड्डाण झालं. वर बॉम्ब नव्हता, विश्वकिरणांचा अभ्यास करणारा बारा टनांचा उपग्रह होता. त्याचं नाव प्रोटॉन-१. तेच नाव पुढे रॉकेटला चिकटलं.

इंजिनांबद्दल आणि अपघातांबद्दल प्रतिसादांत लिहितो. हात दुखायला लागला.

भुसावळ_जंक्शन

मिलिंदभाऊ, धागा आवडला. वाचनखूण साठवली.

रेल्वेत तीस वर्षं काढली, म्हणून तुमचा रुळांचा परिच्छेद दोनदा वाचला. आमच्याकडे ठरलेल्या मापाबाहेर जाणाऱ्या मालाला ओडीसी म्हणतात. ट्रान्सफॉर्मर, बॉयलरचे ड्रम असले की आधी पूर्ण मार्गाचा कागद बनतो. कुठल्या पुलाखाली किती जागा, कुठे शेजारच्या लाइनवर गाडी थांबवायची, कुठे पंधराच्या वेगानं जायचं. एका ड्रमसाठी मी स्वतः रात्रभर गार्डच्या डब्यात टॉर्च घेऊन प्लॅटफॉर्मच्या कडेचं अंतर बघत गेलोय. दोन बोटं जागा होती. आमच्याकडे यंत्र बनतं आणि मग रेल्वेनं बघायचं. यांनी आधी रेल्वे बघितली आणि मग यंत्र काढलं, हे मला फार भावलं.

ऋतुजा_एरो

काका, मी एअरोनॉटिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन शंका आहेत.

एक, टाक्या सुटत नाहीत तर रिकामं वजन शेवटपर्यंत वाहावं लागतं. मग खरेच बूस्टर का नाही केले? दोन, ऑक्सिडायझर मधे आणि इंधन बाहेर असंच का? उलट का नाही?

चिंचवडचा_मिलिंद

ऋतुजा, शाब्बास. आधी दुसऱ्या शंकेचं घेतो, ते कागदावर करून बघता येतं.

इंधन आहे अनसिमेट्रिकल डायमिथाईल हायड्रॅझिन. रशियन लोक त्याला हेप्टिल म्हणतात. ऑक्सिडायझर नायट्रोजन टेट्रॉक्साइड. एक किलो हेप्टिलला साधारण २.७ किलो टेट्रॉक्साइड लागतं. टेट्रॉक्साइडची घनता १.४५, हेप्टिलची ०.७९. आता भाग दे. टेट्रॉक्साइड वजनानं पावणेतीन पट असूनही जागा जवळजवळ दीडपटच घेतं. तरी जड आणि जास्त तेच, म्हणून ते मधल्या जाड टाकीत. वरच्या टप्प्यांचा भारही हीच मधली टाकी पेलते. हलकं इंधन सहा वाट्यांत बाहेर. इंजिन इंधनाच्या टाकीखाली असतं आणि ऑक्सिडायझर मधून नळीनं येतं.

पहिल्या शंकेचं उत्तर असं की सुटणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे एक जास्तीचा सांधा, आणि तो हवेत, वेगात, एकाच क्षणी सहा ठिकाणी सुटायला हवा. इथे सहाही इंजिनं जमिनीवरच पेटतात आणि एकत्रच संपतात. मधल्या टाकीखाली इंजिनच नाही, मग बाजूच्या टाक्या टाकून उरणार काय? पुन्हा, सहाही इंजिनं प्रत्येकी एकाच प्रतलात कलतात. जोडीजोडीनं कलवली की रॉकेट वळतं, सगळी एकाच दिशेनं कलवली की स्वतःभोवती फिरतं. पहिल्या टप्प्याला दिशा सांभाळायला वेगळी छोटी इंजिनं लागत नाहीत.

आता इंजिन. आरडी-२५३, वालेंतिन ग्लुश्को यांचं. ज्वलनकक्षातला दाब सुमारे १५० वातावरणं. चंद्रावर गेलेल्या सॅटर्न-५ च्या एफ-१ इंजिनात तो ७० च्या आसपास होता. पंप फिरवणारा वायू इथे बाहेर सोडून वाया घालवत नाहीत, तोच मुख्य कक्षात नेऊन पुन्हा जाळतात. तो वायू ऑक्सिडायझरनं भरलेला आणि तापलेला असतो, म्हणजे लोखंडाला खाणारा. अशा वायूत टर्बाइनची पाती टिकवणं ही धातुशास्त्राची करामत आहे. १९६० च्या दशकात, आजच्यासारखे संगणक नसताना हे जमवलं. माणसं काय असतील ती!

ग्लुश्को यांना एन-१ साठीही हीच विषारी जोडी वापरायची होती. कोरोल्योव्ह यांनी साफ नकार दिला, त्यांना केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन हवं होतं. दोघांचं इतकं फाटलं की एन-१ ची इंजिनं शेवटी विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कुझ्नेत्सोव्ह यांच्याकडे गेली. ग्लुश्कोंचं इंजिन चेलोमेईंनी घेतलं.

दुसऱ्या टप्प्याची चार इंजिनं पहिला टप्पा सुटायच्या आधीच पेटतात. म्हणून दोन टप्प्यांच्या मधे बंद पत्रा नाही, उघडी जाळी आहे, झाळ बाहेर पडायला. फोटो मोठा करून बघ, विजेच्या टॉवरसारखी कैची दिसेल.

माझगावकर

मिलिंदराव, मुंबईचा उल्लेख कुणी करतंय का याची वाट बघत होतो. कुणीच केला नाही, म्हणून मी लिहितो.

सप्टेंबर १९६८ मध्ये प्रोटॉनवरून झोंड-५ हे यान गेलं. माणूस नव्हता. दोन कासवं होती, माश्या, अळ्या, बिया होत्या. चंद्राच्या मागून सुमारे १,९५० किलोमीटरवरून ते फिरलं आणि परत आलं. चंद्राला वळसा घालून जिवंत परतलेले पहिले जीव ते. अपोलो-८ ची माणसं त्यानंतर तीन महिन्यांनी गेली. यान ठरल्याप्रमाणे सोव्हिएत भूमीवर न उतरता हिंदी महासागरात पडलं. सोव्हिएत जहाजांनी ते उचललं आणि ३ ऑक्टोबर १९६८ ला मुंबई बंदरात आणलं. इथून अंतोनोव्ह-१२ विमानानं मॉस्कोला.

माझे वडील तेव्हा गोदीत क्रेनवर होते. घरी आले की कुठली बोट लागली, काय माल होता, कुठला स्लिंग तुटला, सगळं आईला सांगायचे. रशियन बोटींबद्दलही सांगायचे, ते खलाशी सिगारेटच्या बदल्यात बिल्ले द्यायचे. एक लाल बिल्ला अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. पण चंद्रावरून आलेल्या पेटीबद्दल एक शब्द नाही. त्यांना कळलंच नसेल. १९९७ मध्ये ते गेले आणि मी हे वाचलं त्यानंतर दहा वर्षांनी. आज असते तर विचारलं असतं, त्या दिवशी शिफ्ट कुठली होती.

चिंचवडचा_मिलिंद

माझगावकर, हे मला माहीत नव्हतं. वाचून मी बायकोला हाक मारून दाखवलं.

डॉ_समृद्धी

माझं एमबीबीएस कझाकस्तानात करागंडाला झालं. महाराष्ट्रातली बरीच मुलं तिथे असतात. म्हणून थोडी दुसरी बाजू लिहिते. कौतुकात ती राहून जाऊ नये.

श्रीहरिकोट्याहून उडालेल्या रॉकेटचे टप्पे समुद्रात पडतात. बैकोनूर भर स्टेपमध्ये आहे. प्रोटॉनचा पहिला टप्पा तिथल्या माळरानावरच पडतो आणि टाक्यांच्या तळाशी उरलेलं हेप्टिल मातीत जातं. दुसरा टप्पा पार अल्ताईच्या डोंगराळ भागात. या पट्ट्यांत माणसं राहतात. मेंढ्या, घोडे चारतात. पडलेल्या टप्प्यांचा पत्रा भंगारात विकतात, त्याची कुंपणं करतात.

आमच्या हॉस्टेलला एक आजी साफसफाईला यायच्या, मूळच्या झेज़काज़गानकडच्या. आम्ही त्यांना बाबुश्का म्हणायचो. रशियनमध्ये 'ह' नाही, म्हणून त्या 'गेप्तिल' म्हणायच्या. कुणाला कावीळ झाली, गेप्तिल. गाईचं वासरू गेलं, गेप्तिल. एकदा मी टोमॅटोची फोड खात होते तर म्हणाल्या, कुठला आहे विचारून खा. २००७ मध्ये जपानी उपग्रह नेणारं प्रोटॉन झेज़काज़गानच्या जवळच पडलं होतं. ती धास्ती त्यांच्या मनातून कधी गेलीच नाही.

आता डॉक्टर म्हणून दुसरंही सांगते. मे २०१५ मध्ये तिथे साइगा हरणं मरायला लागली. काही आठवड्यांत दोन लाखांहून जास्त. त्याच महिन्यात एक प्रोटॉन कोसळलं होतं. सगळे म्हणाले, गेप्तिलच. संशोधकांनी हरणं तपासली तेव्हा निघाला पाश्चुरेला हा जीवाणू. तो त्यांच्या अंगात एरवीही असतो, त्या वर्षीच्या अवेळी उबेनं आणि दमटपणानं तो उसळला. म्हणजे तो आरोप चुकीचा होता. पण लोकांना तो खरा वाटावा अशी पाळी कुणी आणली? पन्नास वर्षं डोक्यावरून विष उडवलं आणि खाली राहणाऱ्यांना नीट सांगितलं नाही, त्यांनी. रशिया बैकोनूरचं भाडं देतो, वर्षाला ११.५ कोटी डॉलर. बाबुश्काच्या गावाला त्यातलं काय मिळालं, ते त्यांना विचारायला हवं.

रोहेकर

डॉक्टरांशी सहमत. मी रोह्याला केमिकल प्लांटमध्ये होतो, हायड्रॅझिन हायड्रेट हाताळलंय. हेप्टिल त्याचंच भावंड. अमोनिया आणि सडकी मासळी यांच्या मधला वास. वास आला म्हणजे उशीर झाला, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

दुसरा भिडू टेट्रॉक्साइड. त्याचा धूर तांबूस-तपकिरी. तो आणखी फसवा. श्वासात गेला की थोडा खोकला येतो, माणूस म्हणतो ठीक आहे, घरी जातो. रात्री फुप्फुसात पाणी भरतं. नायट्रेशनच्या प्लांटमध्ये असा धूर बघितलेला माणूस तो रंग विसरत नाही. २०१३ मध्ये एक प्रोटॉन कोसळलं, त्याच्या व्हिडिओत रॉकेट पडताना जो तपकिरी ढग उठतो, तो बघून मी खुर्चीतच मागे सरकलो.

मग ही जोडी वापरायची कशाला? एकमेकांना लागताच पेटतात, ठिणगी नको. द्रव ऑक्सिजनसारखी थंडगार ठेवायला नकोत, टाकीत भरून ठेवता येतात. क्षेपणास्त्राला तेच हवं असतं, हुकूम आला की निघालं पाहिजे. क्षेपणास्त्र कधी झालंच नाही, पण त्याच्यासाठी निवडलेलं विष साठ वर्षं अंगात राहिलं.

शार्दूल

डॉक्टर, रोहेकर, तुमचं मान्य, पण एक लक्षात घ्या. आपल्या पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन याच घराण्यातल्या इंधनावर चालतं. एलव्हीएम-३ च्या मधल्या टप्प्यातही तेच. चांद्रयान-३ त्यानंच वर नेलं. मग प्रोटॉनलाच आरोपीच्या पिंजऱ्यात का?

आणि आपलं देणंही आहे. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये ज्या सॅल्यूत-७ स्थानकावर राहिले, ते १९८२ मध्ये प्रोटॉननंच वर नेलं होतं. जीएसएलव्हीच्या सुरुवातीच्या उड्डाणांचा क्रायोजेनिक टप्पा प्रोटॉन बनवणाऱ्या ख्रुनिचेव्हच्याच कारखान्यातून आला. ७ एप्रिल २००१ ला सुधारित प्रोटॉन-एम पहिल्यांदा उडालं आणि १८ एप्रिलला आपलं पहिलं जीएसएलव्ही. एका कारखान्याची दोन बाळं, अकरा दिवसांच्या अंतरानं.

डॉ_समृद्धी

शार्दूलदादा, विकासचं खरं आहे. पण मी इंधनाला नावं ठेवत नाहीये, ते कुणाच्या अंगणात पडतं याबद्दल बोलतेय. आपलं बंगालच्या उपसागरात पडतं. उद्या ते विदर्भात पडायला लागलं तर तुम्ही आणि मी एकाच बाजूनं बोलू.

शार्दूल

हो. हे पटलं.

चिंचवडचा_मिलिंद

आता ज्यासाठी धागा काढला ते लिहितो.

प्रोटॉनची उड्डाणं चारशेहून जास्त झाली. सुरुवातीची वर्षं भीषण होती. २ एप्रिल १९६९ ला मंगळाकडे निघालेलं रॉकेट उडताच एका इंजिनाचा स्फोट झाला आणि ते तळापासून जेमतेम तीन किलोमीटरवर पडलं. हळूहळू दोष निघत गेले आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे विश्वासाचं यंत्र झालं. सॅल्यूत-१ हे जगातलं पहिलं अंतराळस्थानक १९७१ मध्ये, १९८६ मध्ये मीर, चंद्रावर फिरलेली लुनोखोद गाडी, शुक्रावरून पहिले फोटो पाठवणारं व्हेनेरा-९, सगळं यानंच नेलं. आंतरराष्ट्रीय स्थानकाचा पहिला तुकडा झार्या, तोही २० नोव्हेंबर १९९८ ला प्रोटॉनवरूनच गेला.

मग सोव्हिएत संघ संपल्यानंतरचं बघा.

१९९९ मध्ये जुलैत एक आणि ऑक्टोबरात एक, दोन प्रोटॉन पडली. दोन्ही वेळा दोष दुसऱ्या टप्प्याच्या इंजिनात, आणि ती इंजिनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला व्होरोनेझच्या कारखान्यात बनलेली. आत कचरा राहिला होता. ज्या वर्षांत कामगारांना महिनोन्महिने पगार मिळत नव्हता, त्या वर्षांतला माल. स्थानकाचा पुढचा तुकडा झ्वेझ्दा त्यामुळे जुलै २००० पर्यंत खोळंबला.

डिसेंबर २०१०. वरच्या टप्प्याच्या टाकीत द्रव ऑक्सिजन सुमारे दीड टन जास्त भरला. रॉकेट जड झालं आणि ग्लोनासचे, म्हणजे रशियाच्या जीपीएसचे, तीन उपग्रह हवाईजवळ समुद्रात.

२ जुलै २०१३. पुन्हा ग्लोनासचे तीन. रॉकेट उठलं, डावीकडे झुकलं, उजवीकडे झुकलं, आडवं झालं आणि अर्ध्या मिनिटात तळापासून अडीच किलोमीटरवर जमिनीत. पहिली ४२ सेकंदं इंजिनं बंद करता येत नाहीत, तळावरच कोसळू नये म्हणून. त्यामुळे बघत राहण्याशिवाय काही हातात नव्हतं.

कारण काय निघालं? रॉकेट किती वेगानं वळतंय हे मोजणारे सहा सेन्सर असतात. त्यातले तीन उलटे बसवले होते, १८० अंशांत. प्रत्येकावर बाण असतो, तो वर हवा. रॉकेट डावीकडे झुकलं की सेन्सर सांगायचा उजवीकडे झुकतंय, आणि रॉकेट बिचारं आणखी डावीकडे जायचं. सेन्सर उलटा बसू नये म्हणून बैठकीला लोकेटिंग पिना होत्या. चौकशीत त्या बैठकीच्या पट्टीवर ओरखडे सापडले. पिना जागेवर बसत नव्हत्या, म्हणून जोर लावून दाबलं होतं.

त्या ओरखड्यांपाशी मी थांबलो, कारण तो ओरखडा मला ओळखू येतो. वर्ष सांगत नाही, कंपनी सांगत नाही. आमच्या लाइनवर एक ब्रॅकेट होता, दोन डॉवेल पिनांवर बसायचा. डिझाइनवाल्यानं एक पिन आठची, एक दहाची ठेवली होती, उलटा बसूच नये म्हणून. रात्रपाळीला नवा मुलगा होता, कंत्राटी, अकरावा दिवस. नग अडकला तर त्यानं नायलॉन हॅमर घेतला आणि बसवला. दहाची पिन आठच्या भोकात. सकाळी मी बोट फिरवलं तेव्हा कडेला नखाला लागेल एवढी चकाकती भूर, म्हणजे धातूची उचललेली धार. बाकी सगळं झकास, बोल्ट टॉर्कला, रंग लागलेला, कार्डावर सही. मुलगा वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की नग बसत नाही तेव्हा नग बोलतोय, थांबून ऐकायचं असतं. हे सांगणारा जुना फिटर सहा महिन्यांपूर्वी व्हीआरएस घेऊन गेला होता.

आमचा ब्रॅकेट सकाळी सापडला. मॉस्कोतले सेन्सर २०११ मध्ये बसले आणि दीड वर्षानं जमिनीत गेले. जमिनीवरच्या चाचणीत सेन्सर चालू आहे एवढंच कळायचं, दिशा उलटी आहे हे कळत नव्हतं.

मे २०१४ आणि मे २०१५, दोन वर्षं लागोपाठ तिसऱ्या टप्प्याच्या दिशा-इंजिनाच्या टर्बोपंपानं घात केला. २०१७ च्या जानेवारीत तर कळलं की व्होरोनेझमध्ये इंजिनांच्या जोडकामात ब्रेझिंगला, म्हणजे धातू वितळवून सांधा भरायला, मौल्यवान धातूंऐवजी कमी उष्णता सोसणारं साहित्य वापरलं गेलंय. सत्तरहून जास्त इंजिनं परत मागवली. जवळजवळ वर्षभर एकही उड्डाण नाही.

म्हणून लोक लिहितात की डिझाइन जुनं झालं होतं, तेव्हा मला राग येतो. ग्लुश्को यांनी १५० वातावरणांचा दाब कोंडलेल्या कक्षानं दगा दिला नाही. सहा टाक्यांचा सांधा उसवला नाही. त्या टर्बोपंपाचा अपवाद सोडला तर चुकलं ते भरायचं माप, बसवायचा बाण, सांध्यात भरायचा धातू. ज्यांना हे हातानं माहीत होतं, त्यांना नव्वदच्या दशकात कुणी धरून ठेवलं नाही.

केदार_टोरांटो

मिलिंदकाका, सेन्सरचा भाग वाचून अंगावर काटा आला.

कॅनडातल्या आमच्या घरी डिश टीव्हीला जे निमिक उपग्रह होते, त्यातले पहिले दोन प्रोटॉननंच सोडले होते. तेव्हा धंदा जोरात होता. अमेरिकेच्या लॉकहीडबरोबर भागीदारीत आयएलएस कंपनी काढून ते उपग्रह उडवायचे, १९९६ मध्ये पहिला व्यापारी उपग्रह नेला. बैकोनूर विषुववृत्तापासून लांब, ४६ अंशांवर, म्हणून भूस्थिर कक्षेसाठी वरच्या ब्रीझ-एम टप्प्याला नऊ-नऊ तास पुन्हा पुन्हा इंजिन पेटवत जावं लागायचं. तरी सहा टनांहून जड उपग्रह पोचवायचे, आणि स्वस्तात. अपघातांनी विम्याचे हप्ते वाढले, तेवढ्यात फाल्कन-९ आलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये युटेलसॅटचा उपग्रह नेला, त्यानंतर पाश्चात्त्य गिऱ्हाइक उरलं नाही.

ऋतुजा_एरो

काका, मग आता पुढे अंगारा ना? त्याचं डिझाइन तर खूप सुटसुटीत वाटतं.

चिंचवडचा_मिलिंद

हो, अंगारा-ए५. केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन, म्हणजे कोरोल्योव्ह म्हणत होते तेच. एकसारखे २.९ मीटरचे पाच नळे, इथे मात्र बाजूचे चार खरेच सुटतात. व्यास पुन्हा रेल्वेत बसेल असाच. पहिलं उड्डाण डिसेंबर २०१४ मध्ये प्लेसेत्स्कहून, एप्रिल २०२४ मध्ये रशियाच्या स्वतःच्या भूमीवरच्या वोस्तोच्नीहून. बाबुश्काच्या गावावरून जायला नको, हे चांगलंच झालं. अंगाराचं उत्पादन मॉस्कोहून ओम्स्कला हलवलंय. फिलीतल्या किती फिटरांनी बिऱ्हाड हलवलं असेल, हा प्रश्न माझ्या मनात राहतो.

भुसावळभाऊ, तुमच्यासाठी एक. प्रोटॉन तळावर नेतात तेव्हाही आडवं, रेल्वेच्या वाघिणीवर, इंजिनाच्या मागे. उभं करतात ते थेट तळावर.

माझगावकर

एक राहिलं. त्या कासवांचं पुढे काय झालं?

चिंचवडचा_मिलिंद

माझगावकर, काल रात्री तेच शोधलं. २ सप्टेंबरला त्यांना यानात ठेवलं, उड्डाणाच्या बारा दिवस आधी. तेव्हापासून त्यांना खायला दिलं नव्हतं, प्रयोगाचा भागच होता तो. वजन सुमारे दहा टक्क्यांनी घटलं, पण जिवंत होती, हालचाल करत होती. ११ ऑक्टोबरला मॉस्कोत शवविच्छेदनासाठी त्यांना मारलं. एकूण ३९ दिवसांचा उपास.

म्हणजे तुमच्या वडिलांच्या गोदीत ती बोट लागली, तेव्हा दोघं एकतीस दिवसांची उपाशी होती.